पडल्या वाऱ्याचं कडक पाणी

धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. पांढरी शिडाची बोट आवाज न करता वळणावरून आत आली, तशी माणसं हात जोडून पुढे सरकली. बोटीवर चूल नाही, गॅस नाही. इंजिन तर बोटीच्या मालकाने, वाफेबाबांनी, म्हणे केव्हाच समुद्राला अर्पण केलेलं. तरी केबिनमधला नळ सोडला की वाफाळतं पाणी. ते सांध्यांवर घ्यायचं आणि औषधं बंद करायची, दुखणं पळालंच म्हणून समजा. ज्याचं पळत नसे त्याची श्रद्धा कमी. एखाद्या दिवशी पाणीच कोमट आलं, तर अख्ख्या धक्क्याची श्रद्धा कमी. चूक कधी बाबांच्या वाट्याला येतच नसे.

बोट चालवणारा म्हणजे धक्क्यावरच्या लाँड्रीवाल्या ताईचा सख्खा धाकटा भाऊ. त्यानेच भाचीला बाबांकडे आणलं. पोरीचे गुडघे सुजायचे. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी ती पुन्हा शाळेत चालत जाऊ लागली होती. मामा म्हणाला, आता गोळ्या सोडा. ताईने सोडल्या. जो तिच्या कडेवर वाढला, त्याच्यावर ती कशी शंका घेणार? आता पोर भिंत धरून न्हाणीपर्यंत जात होती.

त्या दिवशी ताई गच्चीवर चादरी वाळत घालत होती. एकही चादर हलेना. वारा साफ पडलेला. खाली मात्र लोक कौतुकाने सांगत होते, आज पाणी असं कडक आहे की चटका बसतोय. ताईचा हात थांबला. परवा चादरी उडून शेजारच्या छपरावर गेल्या, त्या दिवशी पाणी कोमट होतं. त्याआधी सोसाट्याचा वारा होता, तेव्हाही कोमटच. मग आज या पडल्या वाऱ्यात बोट वेळेवर आली तरी कशाच्या जोरावर?

ती तशीच ओल्या हातांनी बोटीवर चढली. बाबा ध्यानात आहेत, असं भाऊ सांगू लागला. त्याला बाजूला सारून तिने केबिनच्या पायऱ्यांची फळी उचलली. आत इंजिन होतं, अजून तापलेलं. त्यातून निघालेल्या दोन नळ्या बाकाखाली गेल्या होत्या. तिथे फोममध्ये गुंडाळलेली टाकी होती.

बाबांनी एक डोळा उघडला. "बघ माई, तुझ्या श्रद्धेने इंजिनसुद्धा प्रकट झालं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ताईने भावाला सगळ्यांसमोर सांगायला लावलं. तो पुटपुटत बोलला. इंजिन थंड ठेवायला त्यात पाणी फिरतं, ते तापतं. तेच नळीने टाकीतल्या वेटोळ्यातून जातं आणि टाकीतलं पाणी तापवतं. फोममुळे ते कितीतरी वेळ गरम राहतं. लांबच्या प्रवासाच्या बऱ्याच बोटींवर अशी सोय असते. वारा असला की इंजिन लागत नाही, म्हणून पाणी कोमट. वारा नसला की वळणापर्यंत इंजिन, आणि पुढे शीड वर ठेवून मागून गुपचूप वल्हं.

"ताई, बोट बाबांची. मी नुसती चालवतो."

"पाण्याचं नाही विचारत मी. गोळ्या सोडा म्हणालास, तेव्हा हे ठाऊक होतं ना तुला?"

भाऊ बंद असलेला नळ पुन्हा पुन्हा पिळत राहिला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. सूज उतरेल म्हणाल्या. उजवा गुडघा पहिल्यासारखा वाकेल की नाही, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. दवाखान्याच्या पायरीवर माणसं जमली होती. ताई त्यांना एवढंच म्हणाली, "पाणी गरम लागलं, तर कशाने तापलं ते विचारा. विचारल्याने कुणाचा देव पळून जात नाही. मी विचारलं नाही, कारण सांगणारा माझा भाऊ होता. तुम्ही भावालाही विचारा."