फाळक्यावरचं ओके

थोरली लेक रंभा नांदायला गेली, ते साल अठ्ठ्याहत्तर. त्याच उन्हाळ्यात तुलारामच्या हाती खडू आला. नाकाडोंगरीजवळच्या मँगनीजच्या खाणीत भरलेल्या ट्रकची साखळी नीट लागली आहे ना, माल वर आलेला नाही ना, एवढं पाहायचं आणि मागच्या फाळक्यावर इंग्रजीत ‘ओके’ लिहायचं. मग ट्रक निघायचा. तुलारामला दुसरं एकही अक्षर येत नव्हतं. ही दोन तो चित्रासारखी काढायचा.

“का गा तुलाराम, ओके म्हंजे काय होते?” ट्रकड्रायव्हर यादोरावनं चहा पिताना विचारलं.

“निंघा म्हंते. दुसरं काय?”

“हट्! ओझं केलं. ओ आन् के.”

“इंग्रजाले ओझं समजते का बे?” डोमा मुकादम म्हणाला. “ओके नावाचा साहेब होता पयले. त्याची सही हाये ते.”

तुलाराम हसला, पण स्वतःचा अर्थ त्यानं सोडला नाही. घरी भाजी चाखूनही तो ‘ओके’ म्हणायचा. बायको, देवकाबाई, तोंडाला पदर लावायची. “अजी, जेवतानी ओका-ओकी नोका बोलू!”

पुढच्या पावसाळ्यात तिच्याच पोटात अन्न ठरेना. भाताच्या रोवणीला गेली तर बांधावर बसून ओकायची. तुलारामनं सुट्टी टाकली आणि एसटीनं तिला भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर तरुण होते. तिचं पोट चेपत तुलारामला म्हणाले, “सांगा.”

“खाल्लं का ओकते साहेब. रातभर पोट धरून बसते.”

“ओके.”

“कधी कधी काळंच पडते.”

“ओके, ओके. बाहेर बसा.”

दाराबाहेर येताच तुलारामनं पिशवी उचलली. “चाल व. ओके म्हनलं डाक्टरनं!”

“पन बसा म्हनलं ना?”

“थकली असशीन म्हून म्हनलं. एस्टी चुकते.”

तिलाही बरं वाटलं. वाटेत तिनं रंभेसाठी पाण्याची पितळेची गुंडी घेतली आणि एसटीत ती मांडीवर धरून बसली.

रोवणी आटोपली तेव्हा देवकाबाईला उठता येत नव्हतं. तिला पुन्हा भंडाऱ्याला आणलं. डॉक्टरांनी लगेच ओळखलं.

“त्या दिवशी कुठे गेलात? यांना भरती करायचं होतं. कंपाउंडर तुम्हाला शोधत स्टँडपर्यंत गेला होता.”

“तुमीच त ओके म्हनलं साहेब.”

डॉक्टर हळू म्हणाले, “बाबा, ते नुसतं... ऐकतोय, म्हणून म्हणालो.”

तुलाराम त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. “असाबी होते त्याचा अर्थ?”

आत खाटेवर देवकाबाई जागी होती. “काय म्हंते डाक्टर?”

त्याच्या तोंडाशी तोच शब्द आला. तो गिळून त्यानं तिच्या पायांवर चादर ओढली.

पुढे खाणीवर तो फाळक्यावर नुसता गोल काढायचा. यादोराव खडू मागून घ्यायचा आणि ‘के’ स्वतः लिहून ट्रक काढायचा.

देवकाबाई एकोणऐंशी साली, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, भंडाऱ्यात वारली. तुलाराम सत्त्याऐंशीच्या माघात गेला, घरीच.