मोठ्या डोहातला पहिला गळ

मांजरा नदीच्या मोठ्या डोहाचा एक दंडक होता. डोहात माणूस गेलं, की त्या घरच्या कुणीतरी पहिला गळ टाकेपर्यंत तिथं दुसऱ्यानं गळ टाकायचा नाही. एरवी दिवसपाणी उरकलं, की महिन्याभरात डोह मोकळा व्हायचा. तारामतीनं नऊ महिने लावले.

तिचा नवरा नरसिंग भाद्रपदात गेला. गेला असं सगळे म्हणत. ती म्हणत नव्हती. थर्माकोलच्या तराफ्यावरून तो गळ बघायला निघाला आणि तासाभरात नदीला लोंढा आला. तिसऱ्या दिवशी तराफा पलीकडं, तेलंगणाच्या काठाला सापडला, तोही सरळ, पालथा नव्हे. नरसिंग सापडला नाही. त्या सरळ तराफ्याच्या आशेवर तिनं हिवाळा काढला. दिवस घालू दिले नाहीत.

इकडं डोहात शिवडे वाढत राहिले. शिवडा म्हणजे बिनखवल्यांचा, लांब मिशांचा मासा. कोंबडीचं पिल्लू सहज मावावं एवढं तोंड. पावसाळ्यात ते नव्या पाण्याबरोबर ओढ्यांत चढतात, अंडी टाकतात. थंडीत तळाशी पडून असतात. तेव्हा गळाला कोंबडीचं काळीज लावून तासन्‌तास दोरी बोटावर धरावी लागते. तराफा नरसिंगचा, दोरी तारामतीची. दोरी किंचित जड झाली की ती म्हणायची, "चाटून राहिलाय. थांबा." मग तो श्वाससुद्धा हळू घ्यायचा.

भोयांच्या चार घरांनी तो हिवाळा गावतळ्यातल्या बारक्या मासळीवर भागवला. तिला कुणी शब्दानं बोललं नाही. वैशाखात डोह अर्ध्यावर आला, माशांच्या पाठी वरून दिसू लागल्या.

एका संध्याकाळी चुलत सासरे मलप्पा दाराशी थांबले. "पोरी, काल एका शिवड्यानं बगळा वढला. मी डोळ्यानं बघितलं."

"मामा, तुम्हाला समोरची म्हैस दिसत न्हाई."

"म्हशीला मिशा कुठं हायत?"

तिला हसू आलं. म्हातारा ज्यासाठी आला होता ते न विचारताच काठी टेकत निघून गेला. कुणी विचारलं असतं तर तिला नाही म्हणता आलं असतं.

ज्येष्ठ लागला. नवं पाणी आलं की मासा ओढ्यांत पांगणार, चार घरांचं वर्ष कोरडं जाणार. ती दिराला, वैजनाथला, म्हणाली, "भावजी, उद्या तराफा काढा."

सकाळी सगळे काठावर उभे होते. वैजनाथनं तराफा मधोमध नेला. तिनं गळ सोडला, दोरी बोटावर घेतली. बऱ्याच वेळानं दोरी जड झाली.

"थांबा," ती म्हणाली.

"काय झालं, वैनी?"

नरसिंगनं कधी विचारलं नसतं.

शिवडा दहा-बारा किलोचा भरला असता. काठाला आणेपर्यंत दोघांचे हात सोलून निघाले. मलप्पांनी आभाळाकडं हात जोडले, आणि बघता बघता बाकीच्यांचे गळ पाण्यात पडले.

"द्या, मी फाडतो," वैजनाथ म्हणाला. तिनं सुरी दिली नाही. गुडघ्यावर बसून तिनं पोट उघडलं, कोथळा वेगळा काढून चिरला. आत दोन अर्धवट विरघळलेल्या मासोळ्या, बेडकाचा एक पाय, थोडी वाळू.

"बघा, काही न्हाई," वैजनाथ सुटल्यासारखा बोलला.

तिनं कोथळा पाण्यात धुतला. दोन बोटांत धरून चाचपत राहिली.

"वैनी." तो तिच्याशेजारी उकिडवा बसला. "नऊ महिने झाले. माशाच्या पोटात काय राहतं का इतके दिवस?"

"कळतं मला ते."

तिनं कोथळा उलटा केला आणि एका टोकापासून पुन्हा बघायला घेतला. दुसरं टोक आलं तेव्हा तो बाजूला ठेवून ती उठली.

"तराफा सोडा, भावजी," ती म्हणाली. "आणखी एक काढू."