मैनाची आखणी

वृंदाच्या पत्राला मी उत्तर दिलेच नव्हते. मी फोन उचलत नाही हे ठाऊक असल्याने तिने कागदावर लिहिले होते: 'काका, आमची डोळ्यांच्या दवाखान्याची गाडी दर गुरुवारी जोह्याला जाते आणि तशीच परत येते. लाऊडस्पीकरवर ओळखीचा माणूस हवा. याल?' जोह्याच्या वाचनालयात पुस्तके देण्यात माझा जन्म गेला, पण लोकांपुढे बोलायचे म्हटले की मी कपाटांमागे सटकतो. नकार लिहायचाही धीर होईना. शेवटी तोंडीच सांगावा म्हणून गुरुवारी पेणहून एसटीने गेलो.

गाडी विशालशेठच्या गणपतीच्या कारखान्यासमोर उभी होती. सण तोंडावर आलेला, कामावरून कोणी उठेना. डॉक्टरीणबाई वृंदा पायरीवर एकटीच बसलेली. मी तोंड उघडणार तोच मैनाने मला मूर्तींच्या आड बोलावले. मूर्तींचे डोळे रेखायचे, म्हणजे आखणीचे, काम कारखान्यात तीच करायची.

"मास्तर, रेघ दिसत नाय मना, नुसता हात नेतंय. पन एकटी गाडीत चढले त शेठला समजल नि आखणी जाईल. मूर्ती घासायला बसवल."

माझा नकार तोंडातच राहिला. काय सुचले कोण जाणे, जाऊन गाडीचा माइक धरला.

"विशालशेठ, पयला नंबर तुमचा."

कारखान्यात हशा पिकला. "जावा शेठ, नायतर घाबरला बोलतील," कोणीतरी आतून टोमणा मारला. विशालशेठ हसत गाडीत चढला. वाचायचा तक्ता हातात घेऊन तो लांब लांब नेऊ लागला. हात पुरता ताणला तरी खालच्या ओळी लागेनात. चष्मा घालूनच उतरला. मग काय, रांगच लागली. रंगाचे हात, मातीचे हात, आणि माइकवर चक्क मी एकेकाला हाका मारतोय. मैनाचे नाव मध्येच, सहज घेतल्यासारखे घेतले.

चष्मा लावून ती कारखान्यात परतली आणि जागीच थबकली. तिच्यामागे विशालशेठ. समोर आठवडाभरात आखलेल्या मूर्ती. देवांच्या पापण्या कुठे तुटलेल्या, कुठे वाकड्या. इतके दिवस ना तिला दिसले होते, ना त्याला. मीच तिचे काम घालवले, असे वाटून मी माइक खाली ठेवला.

विशालशेठने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मना पन नाय दिसला गो," तो हळूच म्हणाला. "ही मूर्तींची रांग परत आखायला घे."

मैनाने पदराला हात पुसले, पहिल्या देवासमोर बसून कुंचला भिजवला आणि श्वास धरून एक रेघ ओढली.

परतताना पत्राचे उत्तर टाकायचेय म्हणत मी गाडी पेणच्या पोस्टासमोर थांबवायला लावली.

"काका, मी इथेच बसलेय की," वृंदा म्हणाली.

तरी उतरलो. कार्ड घेतले, वृंदाचा पत्ता घातला, 'येतो' एवढेच लिहिले आणि पेटीत टाकले.