माझा काठ बघा

मी ट्रकच्या मागच्या चाकाआड लोंबणारा मडफ्लॅप बोलतोय, आणि रागाने बोलतोय. मला गोड बोलता येत नाही. माझा जन्मच चिखल आणि खडे छातीवर झेलायला झाला.

खडीच्या मशीनवरचा जुना रबरी पट्टा कापून गॅरेजवाल्या मिस्त्रींनी मला आणि माझ्या जोडीदाराला बनवलं. ट्रक चालवायचा दोघा भावांतला धाकटा; त्याने ट्रकला हौसेने राक्षसी टायर बसवले होते. ते दोन्ही अंगांनी वीतभर बाहेर आलेले. मिस्त्रींनी चाकांच्या कमानींवर रुंद झालरी ठोकल्या, मागे आम्हाला टांगलं आणि बजावलं, "खाणीत गाडी मागे घेताना हे चाकाखाली सापडतील, तेव्हा तारेने वर बांध. रस्त्याला लागलास की आधी खाली सोड."

"माहितीये हो, मिस्त्री!"

काय डोंबलाची माहिती! मी खाली असलो की टायरची नक्षी झाकली जायची, हे साहेबांचं दुःख. मग खाणीतून बाहेर पडल्यावरही आम्ही तसेच वर बांधलेले. चौकात पोरं टायर बघायची आणि हा मिशीवर हात फिरवायचा. मी आपला डिक्कीत कोंबलेल्या सतरंजीसारखा दुमडून पडलेला.

एके दिवशी मागून त्याच्या वहिनी स्कूटरवर येत होत्या. त्या शिवणकाम करतात. पुढे शिवलेल्या कपड्यांची पिशवी होती. टायरच्या खाचेत अडकलेला खडा सुटला. मी खाली असतो तर तो माझ्यावर आपटून तिथेच पडला असता. तो थेट वहिनींच्या उजव्या डोळ्यात गेला.

धाकटा धावला, त्यांना उचलून दवाखान्यात घेऊन गेला, हे मी नाकारत नाही. पण आत डॉक्टर त्यांचा डोळा वाचवायला धडपडत होते, तेव्हा हा बाहेर ट्रकमागे आला. इकडेतिकडे बघितलं, खिशातून पातं काढलं आणि मला मुळापाशी कापलं. मग हातात धरून थोरल्या भावाकडे गेला.

"दादा, फ्लॅप तुटून लोंबत होता. स्वस्तातला माल!"

स्वस्तातला? अरे, मी वर्षानुवर्षं दगड वाहिलेत! दादांनी मला नेऊन मिस्त्रींच्या दारात फेकलं. "घे तुझा माल. माझ्या बायकोचा डोळा गेला याच्यापायी." चार लोकांनी ऐकलं. मिस्त्रींकडे येणाऱ्या गाड्या समोरच्या गॅरेजात वळू लागल्या. भला माणूस तासन्‌तास मला मांडीवर घेऊन बसायचा. "एवढं चिवट रबर तुटलंच कसं?" असं स्वतःशीच पुटपुटायचा. कापल्याचं त्याला दिसत होतं की नाही, कोण जाणे. पण डोळा गमावलेल्या घराशी वाद कसा घालणार?

महिन्याने वहिनी आल्या. त्यांना आणायला धाकटाच आला होता, कारण सुईत दोरा ओवणंही आता त्यांना जमत नाही, तर स्कूटर कुठली चालवणार! "मिस्त्री, मला तो फ्लॅप दाखवा," म्हणाल्या. मी त्यांच्या हातात गेलो. त्यांनी माझ्या वरच्या काठावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"भाऊजी, हे फाटलेलं नाही. फाटलं की काठ ओढला जातो. हे पात्याने कापलंय. उभा जन्म कापडात गेलाय माझा."

"वहिनी, मी... घाबरलो होतो."

"माझा डोळा गेला, ते चुकून. मिस्त्रींचं नाव तुम्ही मुद्दाम घालवलंत. चला, आधी गावभर सांगून या."

धाकट्याने सांगितलं. दारोदार मान खाली घालून सांगितलं. मिस्त्रींकडे गाड्या परत यायला लागल्या आहेत, सगळ्या नाही.

मी आता वहिनींच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे, जेवायला बसणाऱ्यांच्या अगदी समोर. वहिनींनीच ठोकलं मला. मोठे टायर लावणाऱ्यांनो, शौक करा, पण आम्हाला खाली सोडा रे! धाकटा रोज माझ्यासमोर जेवतो. वहिनी वाढतात, आणखी हवं का विचारतात. माफ केलं, असं त्या अजून म्हणालेल्या नाहीत. मीही म्हणणार नाही.