तात्सुजींच्या नावाची उदबत्ती

तात्सुजी ओचियाई यांनी रेल्वेत अडतीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं आखली. नोकरी सुटली, सवय काही सुटली नाही. शिकोकू बेटावरची अठ्ठ्याऐंशी देवळं बायकोबरोबर पायी करायची ठरली, तेव्हा त्यांनी बेचाळीस दिवसांचा तक्ता केला. त्यात दुपारच्या जेवणाला वीस मिनिटं होती. बायकोच्या गुडघ्याला रकाना नव्हता.

नवव्या दिवशी स्वारी तक्त्याच्या दीड दिवस मागे होती. एक कारण फुसाएचा गुडघा, दुसरं लोकांचं प्रेम. वाटेत यात्रेकरूला कुणी काही दिलं की ते ही यात्रा ज्यांच्या नावाची, त्या संत दाइशींनाच पोचतं, म्हणून नाही म्हणायची सोय नाही. संत्रं घ्या, भाताचा गोळा घ्या, चहा घ्या, आणि चहाबरोबर देणारीच्या सुनेची साद्यंत हकीकत. फुसाए सगळं ऐकायची, वर प्रश्न विचारायची. तात्सुजी उभ्या उभ्या चहाने तोंड भाजून घ्यायचे आणि चालू पडायचे.

दहाव्या दिवशी सकाळी निघताना ती म्हणाली, "अहो, दिवसभरात तुमची पाठसुद्धा दिसत नाही मला. आज पुन्हा असं झालं, तर उद्याच्या बसने मी घरी जाते. तुम्ही आणि तुमचा तक्ता करा यात्रा."

चौतीस वर्षांच्या संसारात ती असं कधी बोलली नव्हती. तात्सुजी धास्तावले. पण धास्तावलेल्या माणसाला जे येतं तेच सुचतं. आज एकदा मागचं भरून काढलं, की उद्यापासून हवं तेवढं हळू चालू, असा त्यांनी हिशेब केला. आणि लोकांनी अडवू नये म्हणून यात्रेचा पांढरा अंगरखा काढून बायकोच्या पिशवीत कोंबला.

"माझी काठीही तूच घे, गुडघ्याला बरी," ते म्हणाले. यात्रेकरूची काठी म्हणजे साक्षात दाइशी. त्यांनाही बायकोच्या हवाली करून गृहस्थ सुटले.

युक्ती फळली. साखर वाढली म्हणून चालणारे कुणी असावेत, असं समजून गावकऱ्यांनी त्यांना पाणीही विचारलं नाही. प्रत्येक देवळात यात्रेच्या वहीवर शिक्का मिळतो, आणि ती खिडकी पाचला बंद होते. पावणेपाचला त्यांनी दोघांच्या वह्यांवर शिक्के घेतले आणि खूश होऊन बाकावर बसले.

साडेपाच झाले. फुसाएचा फोन नेहमीप्रमाणे पिशवीच्या तळाशी वाजत असणार. सहाला ते उठले आणि उलटे निघाले.

तीन किलोमीटर मागे, रस्त्यालगतच्या घराबाहेर त्यांना तिचे बूट दिसले. आत फुसाए पाय पसरून बसली होती. पितरांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती जळत होती, भाताची वाटी होती, संत्रं होतं, आणि शेजारी त्यांची काठी व घडी घातलेला अंगरखा.

"कोण हवंय?" घरातल्या कियो आजींनी विचारलं.

"हे माझे यजमान," फुसाए म्हणाली.

आजींनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "अगं बाई! आत्ताच तर यांच्या नावाने उदबत्ती लावली!"

आजींचं तरी काय चुकलं? बाई एकटी, हातात पुरुषाची काठी, पिशवीत पुरुषाचा अंगरखा. गेलेल्या नवऱ्याच्या वस्तू घेऊन त्याची यात्रा पुरी करणाऱ्या बायका या वाटेवर नेहमीच दिसतात.

"तू सांगितलं नाहीस त्यांना?" तात्सुजी पुटपुटले.

"सांगणार होते. त्या काठी धरून रडायला लागल्या. तुम्हाला दाखवावं म्हणून मी रस्त्यावर पाहिलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. काय पुरावा देऊ?"

तात्सुजींना शिक्क्यांच्या वह्या बाहेर काढायची लाज वाटली. आजींनी देव्हाऱ्यातलं संत्रं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "तुमचंच आहे, खा." आता अंगरखा नसला तरी नाही म्हणायची छाती झाली नाही. ते एकेक फोड खात बसले. आजींच्या सुनेची हकीकत निघाली, तीही त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. सून चांगली होती, असं त्यांचं मत पडलं.

रात्र आजींकडेच काढून सकाळी दोघं निघाली. बसथांबा आला आणि फुसाए बाकावर बसली. तात्सुजीही बसले. थांब्यावर वेळापत्रक होतं, पण बस कितीला आहे ते वाचायचं त्यांना धाडस होईना. ही गेली तर उरलेली देवळं घेऊन करायचं काय, हे त्यांना आज पहिल्यांदाच कळत होतं.

बस आली. दार उघडलं.

"येताय ना, बाई?" ड्रायव्हरने विचारलं.

तात्सुजी मान खाली घालून उभे राहिले आणि तिची पिशवी चढवून द्यायला उचलू लागले.

"ठेवा ती खाली," फुसाए म्हणाली. मग ड्रायव्हरला म्हणाली, "तुम्ही जा दादा. आम्ही जरा बसलोय."