बाराची पेशंट

"जीभ दाखव," वैद्यर म्हणाले.

कार्त्यायनीने दाखवली. बावीस वर्षं ती याच वैद्यशाळेत बायकांच्या अंगाला तेल चोळत होती. वैद्यरांसमोर पेशंट म्हणून मात्र आज पहिल्यांदाच बसली होती. पोटात सारखी जळजळ आणि रात्री डोळ्याला डोळा नाही. तेही तिने काढलं असतं, पण आता मालिश करताना हात मध्येच थरथरायचे. हात गेले की काम गेलं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

वैद्यरांनी नाडी पाहिली. "औषध नंतर बघू. आधी दुपारी बाराला गरम जेवायचं, शांतपणे, बसून. रात्रीचं दिवे लागायच्या आत. मासे बंद. महिनाभर पाळ, झोप येईल."

हेच ती रोज दहाजणींना ऐकवायची. आणि स्वतः तीनला मागच्या पडवीत उभ्या उभ्या गार भात गिळायची. कर्किडकम या ऐन पावसाळ्यातल्या महिन्यात उपचारांना सगळं गाव लोटतं आणि बाराला कुणीतरी हमखास मालिशच्या लाकडी पाटावर तेल लावून पडलेलं असतं.

फळ्यावर वेळा लिहिणाऱ्या सुगुणनला तिने विचारलं, "बारा ते एक मला मोकळं ठेवशील?"

"कर्किडकमात?" तो हसला. वैद्यशाळेत सगळेच तिला चेची, म्हणजे ताई, म्हणायचे. "महिना संपू द्या चेची, मग खुशाल जेवत बसा."

"वैद्यरांनीच सांगितलंय."

"मग बाराला पेशंट कोण पाठवतंय? तेच ना?"

ती परत वैद्यरांकडे गेली. कागदातून मान वर न करता ते म्हणाले, "एवढा महिना सांभाळून घे गं."

तिच्या अंगाची लाही झाली. बाहेरून आलेल्या बाईचं पथ्य म्हणजे देवाची आज्ञा, आणि हिचं म्हणजे नखरे!

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. खडू घेऊन तिने बारासमोरचं नाव त्या दिवशी रिकाम्या राहिलेल्या एकच्या रकान्यात उतरवलं आणि बारासमोर लिहिलं: कार्त्यायनी. उपचार, जेवण.

"ही काय थट्टा, चेची?" सुगुणनने फडकं उचललं.

"फळ्यावर ज्याचं नाव, त्याची वेळ. तूच सांगतोस ना सगळ्यांना?"

बाकावरच्या बायका फळा वाचत होत्या. त्यांतली एक म्हातारी, बाराची खरी पेशंट, म्हणाली, "राहू दे रे. मी थांबते एकपर्यंत. उपाशी बाईच्या हातात जोर कुठून येणार?"

सुगुणनने फडकं खाली ठेवलं.

बाराला कार्त्यायनी पडवीत मांडी घालून बसली. लाल भात वाफाळत होता, सोबत चवळी आणि ताक. चार घास गेले. पाचवा जाईना. इतक्या वर्षांत पोट या वेळची भूकच विसरून गेलं होतं. तिला रडू आलं.

आतून मालिशमधली जोडीदारीण ओमनाने हाक मारली, "चेची, झालं असेल तर ये ना."

"नाही झालं," ती म्हणाली, आणि एक वाजेपर्यंत ताटासमोरून उठली नाही.