एका वाक्यात सांग

"रड म्हटलं की रडते मी. पण आधी हे सांग, माझी नोकरी जातेय की नुसतीच कानउघाडणी आहे? दोन्हींचं रडणं वेगळं असतं."

लोरेटाने असं विचारल्यावर मॅडिसनहून शिकवायला आलेली ब्रिजेट हातातली कार्डं तशीच धरून बघत राहिली. बिचारी आमच्याकडे पहिल्यांदाच आली होती. तिला वाटलं असणार, बरण्यांत काकड्या भरणाऱ्या या आडगावच्या कारखान्यात पाचसहा नवे फोरमन गोळा करायचे, हाताखालच्या माणसाशी अवघड गोष्ट कशी बोलावी याचे चार तक्ते दाखवायचे आणि रस्त्यावर बर्फ साचायच्या आत घर गाठायचं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की जानेवारीतला हा शुक्रवार म्हणजे आमची जत्रा असते, आणि जत्रेचं दैवत म्हणजे लोरेटा प्रुस्की.

"कार्डावर लिहिलंय, कर्मचारी रोज उशिरा येतो," ब्रिजेट चाचरत म्हणाली.

"उशिरा येणारा? मग रडायचं नाही, हुज्जत घालायची." लोरेटाने शेजारच्या खोक्यातून नवऱ्याची जुनी टोपी काढली आणि डोक्यावर उलटी चढवली. "हं, पहिला बळीचा बकरा कोण?"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! कँटीन गच्च भरलं होतं. शिकायचं होतं फक्त आम्हा सहा जणांना, पण सुट्टीवरचे लोकसुद्धा या दिवशी येऊन बसतात. कुणी डोनट आणतं, कुणी बदामाचं गोड क्रिंगल भाजून आणतं, आणि कॉफीचं भांडं तर चारदा भरावं लागतं.

हे सगळं सुरू झालं बावीस वर्षांपूर्वी. त्या वर्षी शिकवणीत कर्मचाऱ्याचं सोंग घ्यायला मिलवॉकीहून एक नट यायचा होता, तो बर्फात अडकला. लोरेटा कॉफी घ्यायला म्हणून आत आली होती. ती म्हणाली, "त्यात काय, मी करते." तिने अंगाला वास येणारी बाई केली. समोरच्या फोरमनला एवढंच सांगायचं होतं, की बाई, आंघोळ करून येत जा. ती अशी काही रडली, की शेवटी फोरमननेच माफी मागितली आणि घरी जाऊन स्वतः आंघोळ केली! तेव्हापासून दर वर्षी लोरेटाच. तिने दारुड्या केला, चोर केला, नवरा वारल्यावर चुका करत सुटलेली बाई केली. आमचा मॅनेजर लाइल तिच्याच हाताखाली तयार झाला. पहिल्या वर्षी तिने त्याला तीनदा बाहेर काढलं होतं. "दार लाव, मग बस. उभ्या उभ्या वाईट बातमी फक्त पोस्टमन देतो."

तिचं सगळं शास्त्र एवढंसंच. दार लाव. बस. एका वाक्यात सांग. आणि मग गप्प बस.

मला पहिली तिन्ही जमतात. गप्प बसणं नाही जमत. आई म्हणते, मी जन्मले तेव्हा रडले नाही, बोललेच.

मी मार्सी. पॅकिंगवर नऊ वर्षं काम केलं आणि गेल्या महिन्यात तिथलीच फोरमन झाले. शिकाऊ होते तेव्हा लोरेटाच्या बाजूला उभी राहायचे. तिचं खरं काम नाटक नाही, काच तपासणं. रिकाम्या बरण्या पट्ट्यावरून उजेडाच्या पांढऱ्या पडद्यापुढून सरकत जातात. तडा गेलेली, बुडबुडा असलेली, काठ उडालेली बरणी तिथेच उचलायची. एकतीस वर्षं ती ते करत होती. "माझ्या नजरेतून काच सुटत नाही," असं म्हणायची, आणि खरंच सुटायची नाही.

मंगळवारी सुटली. मी खोक्यात हात घातला आणि अंगठा चिरला. भरलेली, झाकण लावलेली बरणी, पण झाकणाखालचा काठ उडालेला. मी सगळा माल थांबवला. आम्ही एकेक खोकं उघडलं तेव्हा तसल्या अकरा बरण्या निघाल्या, आणि अकराच्या अकरा लोरेटाच्या पाळीतल्या. एखाद्या पोराच्या घशात ती काच गेली असती तर? मला त्या रात्री झोप आली नाही.

लाइलने मला केबिनमध्ये बोलावलं.

"सोमवारपासून तिथे दुसरं कुणीतरी बसेल. तोवर तिच्या पाळीतला माल तू पॅकिंगवर पुन्हा तपासून घे. लोरेटा लेबलांवर. तास तेच, पगार तोच. शुक्रवारी तिला तू सांग."

"मी का? मॅनेजर तुम्ही आहात ना!"

"तिच्यासमोर बसलो की मी अजून बावीस वर्षांपूर्वीचा होतो गं."

"वा! म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा मीच बांधायची?"

"तू तिची मैत्रीण आहेस."

"म्हणूनच तर!" मी ओरडले. पण लाइल खिडकीबाहेर बघत राहिला. मोठा मॅनेजर म्हणे!

मी ठरवलं, शुक्रवारी सकाळी गाडीतच सांगायचं. नोव्हेंबरपासून लोरेटा माझ्याच गाडीने येत होती. तिची गाडी बंद पडलीय म्हणायची. मी कधी विचारलं नाही, की अगं, दोन महिने कुठली गाडी बंद असते? गाडीत दार लावलेलं असतं, आपण बसलेलेच असतो. म्हटलं, अर्धं काम झालंच आहे.

ती बसली आणि माझ्या हाताकडे वळली. "अंगठ्याला काय झालं?"

"सुरी लागली. पाव कापताना. म्हणजे पाव नाही, चीज. कडक होतं ना ते, आणि सुरी नवी, नणंदेने नाताळात दिलेली, हिरव्या मुठीची, मी तिला म्हटलं पण होतं की एवढी धार..."

लोरेटाने माझा हात हातात घेतला, पट्टीवरून बोट फिरवलं. "बरं," एवढंच म्हणाली. पुढचे अकरा मैल मी बर्फाबद्दल बोलत होते. बर्फाबद्दल एवढं काय बोलण्यासारखं असतं, देव जाणे!

तर आता कँटीन. पहिला बकरा ड्वेन, शीतगृहाचा फोरमन. सहा फूट चार इंच माणूस, पण लोरेटाने त्याचं पार भरीत केलं. "उशीर? मी उशिरा येते, की तुमचं घड्याळ पुढे आहे?" ड्वेन म्हणाला, "घड्याळ... बघतो हं." लोक हसून हसून टेबलं बडवायला लागले. तेवढ्यात ब्रिजेटने माझं नाव पुकारलं.

लोरेटाने टोपी काढली. खोक्यात ठेवली. केस सारखे केले.

"हे कार्ड राहू दे," ती ब्रिजेटला म्हणाली. "आज मी वेगळी बाई करते. ही बाई एकतीस वर्षं काच तपासतेय. आता उजव्या डोळ्यापुढे नुसता धूर आहे आणि डाव्याने अर्धमुर्धं दिसतं. तिने कुणाला सांगितलेलं नाही. आणि तिच्या मैत्रिणीच्या अंगठ्याला पट्टी आहे."

"अरे वा, पट्टीसुद्धा घेतली नाटकात!" ड्वेन ओरडला. सगळे हसले.

मी अंगठा मुठीत लपवला. मागच्या भिंतीशी लाइल कॉफीचा कप तोंडाजवळ धरून तसाच थांबला होता.

"जा बाहेर," लोरेटा मला म्हणाली. "आणि नीट आत ये."

मी बोळात जाऊन उभी राहिले. समोरच गाड्यांकडे जायचं दार. खोटं कशाला बोलू, पळून जावं असं वाटलं. गुरूची विद्या गुरूला म्हणतात, पण अशी, शंभर माणसांसमोर? आणि तरी अंगात काहीतरी सळसळत होतं. लहानपणी गोठलेल्या तळ्यावर पहिलं पाऊल टाकताना व्हायचं तसं. मी आत गेले. दार लावलं. बसले.

"लोरेटा, आज थंडी किती आहे नाही? आणि तुझं ते बदामाचं क्रिंगल, मी घरी तिघांना..."

हशा पिकला. लोरेटाने हात वर केला. "हे झालं शेपूट. वाक्य कुठंय?"

"तुझं काम फार चांगलं आहे. एकतीस वर्षांत कुणी बोट दाखवलं नाही. पण..."

"आता 'पण'च्या आधीचं सगळं मला खोटं वाटणार. परत."

लोक टाळ्या देत होते. कुणीतरी शिट्टी मारली. मी लोरेटाकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, पण किंचित बाजूला, माझ्या कानाच्या रोखाने. तिला माझा चेहरा दिसत नव्हता! एवढ्या जवळून दिसत नव्हता, आणि मला दोन महिने कळलं नव्हतं.

"लोरेटा," मी म्हणाले, "मंगळवारी तुझ्यासमोरून अकरा फुटक्या बरण्या गेल्या, आणि सोमवारपासून मी तुला काचेवर बसवू शकत नाही."

आणि गप्प बसले.

जिभेवर शंभर गोष्टी आल्या. पगार तोच आहे गं. लेबलांचं काम सोपं आहे गं. माझा नाइलाज आहे गं. मी जीभ दाताखाली धरली, अगदी दुखेपर्यंत. कँटीनमधलं हसूही हळूहळू विरलं.

"कुणाला लागलं?" लोरेटाने विचारलं.

"मला. थोडंसंच."

"एखादी बाहेर गेली? दुकानात?"

"एकही नाही."

तिने मान हलवली. मी तोंड उघडलं तसा तिने टेबलावर तळहात ठेवला, थांब म्हणून.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "नोव्हेंबरपासून माझ्या ओठांवर होतं. म्हटलं, आज सांगू, उद्या सांगू. लोकांना शिकवते, आणि स्वतःचं एक वाक्य निघालं नाही."

आणि मग जे काही झालं! लोक उठून उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या, टेबलांवर थापा. ब्रिजेटच्या डोळ्यांत पाणी. "इतकं खरं! इतकं खरं मी कुठेच बघितलं नाही," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला लाज वाटत होती, आणि सांगायला नको पण आनंदसुद्धा होत होता. जमलं होतं मला. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसले होते.

"पण लोरेटा, यंदा रडली नाहीस!" ड्वेन मागून ओरडला. "पैसे परत!"

"फुकट नाटकाचे पैसे मागतोय मेला," लोरेटा म्हणाली, आणि तिने खोक्याचं झाकण लावलं. सगळे पुन्हा हसले. लाइल हसला नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

पाळी संपली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. लोरेटा म्हणाली, "मासे खायला जाऊच, शुक्रवारचा नेम मोडायचा नाही. आधी माझी उशी घेऊन येते." मी तिच्याबरोबर तपासणीच्या खोलीत गेले. पट्टा बंद होता. पांढरा पडदा मात्र तेवढा पेटलेला होता.

"मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेते," मी म्हणाले.

"ने. गाडी चालू आहे माझी, पण चालवायची हिंमत नाही."

तिने स्टुलावरची उशी काखेत मारली. मग पट्ट्यावर राहिलेली एक बरणी उचलली, पडद्यापुढे धरली आणि सवयीने फिरवली. एकदा, दोनदा. चेहरा इतका जवळ नेला, की नाक काचेला लागलं.

"ही चांगली आहे," ती म्हणाली. "हो ना?"

मी बघितलं. काठाला नखाएवढा टवका उडालेला होता.

खोलीत आम्ही दोघीच होतो. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. हो म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं? रिकामी बरणी, बंद पट्टा, आणि काचेवरचा तिचा शेवटचा दिवस. मागाहून मी ती गुपचूप उचलून टाकली असती. घशाशी 'हो' आलं होतं.

मी वळले, दार लावलं, आणि तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले.

"नाही, लोरेटा. काठ उडालाय."

पुढे मी शेपूट लावलं नाही. तिला आधीच ठाऊक होतं की नव्हतं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

मग तिने डावा हात पुढे केला, फुटक्या बरण्यांच्या पेटीची कड चाचपून शोधली, आणि ती बरणी स्वतःच्या हाताने आत ठेवली. अगदी हळू, आवाज होऊ न देता.